शेवट वाचकाला माहीत, लिहिणारीला नाही : 'सारा जेन'चं आत्मचरित्र कसं वाचायचं?

19 एप्रिल 2011. ब्रिटनमध्ये संध्याकाळी बातमी आली की अभिनेत्री एलिझाबेथ स्लेडन गेल्या. कर्करोग होता, पण ते घरच्यांना आणि अगदी जवळच्यांनाच ठाऊक. बाहेर कुणाला कल्पनाच नव्हती. कशी असणार? लहान मुलांसाठीची त्यांची मालिका तेव्हा जोरात चालू होती आणि पाचव्या सीझनचे काही भाग शूटही झाले होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचं आत्मचरित्र दुकानात आलं. मृत्यूच्या काही महिने आधीच त्यांनी ते लिहून पूर्ण केलं होतं. छापील प्रत मात्र त्यांना बघायला मिळाली नाही.

आधी, या बाई कोण?

'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका 1963 साली सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी निळ्या पोलीस बॉक्समध्ये बसून काळाच्या आरपार हिंडतो आणि त्याच्यासोबत एखादा माणूस प्रवासाला असतो. डॉक्टरचे नट बदलत राहतात, सोबतीही बदलतात. या सोबत्यांमध्ये अनेक प्रेक्षकांची सर्वात लाडकी म्हणजे पत्रकार सारा जेन स्मिथ. स्लेडन यांनी 1973 ते 1976 ही भूमिका केली, आधी जॉन पर्टवी आणि मग टॉम बेकर या दोन डॉक्टरांबरोबर.

मूळच्या त्या लिव्हरपूलच्या. तिथल्या प्लेहाऊसमध्ये रंगमंचामागची कामं करत त्या या धंद्यात शिरल्या. 1968 मध्ये नट ब्रायन मिलर यांच्याशी लग्न झालं. 'डॉक्टर हू'ची निवडही मजेशीर आहे. निर्माते बॅरी लेट्स यांनी त्यांची पर्टवींशी गाठ घालून दिली. एकाकडे बघून बोलताना दुसऱ्याकडे त्यांची पाठ व्हायची आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे दोघे एकमेकांना अंगठा दाखवून 'हीच!' म्हणत होते. हा किस्सा पुढे लेट्स यांनी स्वतःच सांगितला.

पुस्तकात खरं मोल कशाला?

सोमरसेटमधल्या वूकी होल गुहांमध्ये 1974 साली शूटिंग होतं. पाण्यावरची छोटी यांत्रिक होडी हाताबाहेर गेली, स्लेडन यांनी पाण्यात उडी मारली आणि स्टंटमन टेरी वॉल्श यांनी मागोमाग उडी घेऊन त्यांना बाहेर काढलं. पडद्यावर त्या सीनला काही मिनिटं मिळाली असतील. काम करणाऱ्या बाईच्या जिवावर बेतलं होतं. चाहत्यांना सारा जेन आठवते, पुस्तकात भेटते ती रोज कामावर जाणारी लिस. या दोघी एकच नाहीत.

दुसरा मुद्दा भूमिकेचा. सारा जेनला आणलं होतं स्वतंत्र बाण्याची, स्त्रीवादी पत्रकार म्हणून. पण दर काही भागांनी तिच्या वाट्याला यायचं ते राक्षस बघून किंचाळणं आणि पकडलं जाणं. कागदावर जेवढं होतं त्यापेक्षा जास्त स्लेडन यांनी त्यात ओतलं. 1976 मध्ये मालिका सोडताना त्यांची एक अट होती. सारा जेनला मारायचं नाही आणि तिचं लग्नही लावून द्यायचं नाही. निरोपाचा सीन त्यांनी आणि बेकर यांनी मिळून पुन्हा घडवला. डॉक्टर तिला घरी सोडतो आणि निघून जातो, बस एवढंच. म्हणून तर तिला तीस वर्षांनी परत आणता आलं!

2006 मध्ये 'डॉक्टर हू'चे तेव्हाचे लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी बोलावलं, तेव्हा त्या आधी तयार नव्हत्या. जुन्या चेहऱ्याला दोन मिनिटं दाखवून टाळ्या घेणार असतील, असं त्यांना वाटलं होतं. पण तो अख्खा भागच मागे राहून गेलेल्या माणसाचं काय होतं यावर निघाला. पुढच्याच वर्षी 'द सारा जेन ॲडव्हेंचर्स' सुरू झालं. साठी ओलांडलेली बाई मुलांच्या ॲक्शन मालिकेची नायिका, हे तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे. या मालिकेत सारा जेनच्या शेजारी राहणारी राणी चंद्रा ही मुलगी भारतीय वंशाच्या अंजली मोहिंद्रा यांनी साकारली होती.

आता वाचण्याबद्दल. मरणोत्तर आत्मचरित्र हातात आलं की आपण नकळत खुणा शोधायला लागतो. इथे तिला कळलं होतं का? हे वाक्य निरोपाचं आहे का? स्लेडन यांच्या पुस्तकावर हा अन्याय होईल. हे मृत्यूशय्येवरचं लेखन नाही. उशिरा का होईना, हातात चांगलं काम आलेल्या बाईने हसतखेळत सांगितलेली गोष्ट आहे. विनोदाला विनोदच समजा. प्रस्तावना डेव्हिड टेनंट यांची आहे, 2006 च्या त्या भागातले डॉक्टर. ती शेवटी वाचली तरी चालेल. लिसबद्दल दुसऱ्याकडून ऐकण्याआधी तिच्याकडून ऐकलेलं बरं.

आणखी एक. त्या गेल्या तेव्हा बीबीसीच्या बातमीत वय 63 छापून आलं. जन्मसाल वर्षानुवर्षं 1948 सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात जन्म 1 फेब्रुवारी 1946 चा, म्हणजे वय 65. नटीने दोन वर्षं लपवली तर लपवली, तिच्या धंद्यात वयाचा हिशोब कोण कसा लावतं हे तिलाच माहीत. मात्र जुन्या लेखांमधल्या तारखा वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

पुस्तकातली कितीतरी माणसंही आता नाहीत. पर्टवी 1996 मध्ये गेले, लेट्स 2009 मध्ये. ब्रिगेडियरची भूमिका करणारे निकोलस कोर्टनी तर स्लेडन यांच्या दोनच महिने आधी.

त्यांच्या निधनानंतर चारच दिवसांनी 'डॉक्टर हू'चा नवा सीझन सुरू झाला आणि पहिला भाग त्यांना अर्पण केला गेला. पाचव्या सीझनच्या तीनच कथा शूट झाल्या होत्या, त्या ऑक्टोबरमध्ये दाखवून 'सारा जेन ॲडव्हेंचर्स' थांबवलं गेलं. नंतर 2021 मध्ये ऑडिओ नाटकांत सारा जेनचा आवाज पुन्हा ऐकू आला. या वेळी तो स्लेडन यांची मुलगी सेडी मिलर हिचा होता.