लहान कार्यालयातील संगणकांचे जाळे आणि त्याची निगा

महिन्याची २० तारीख. वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र भरण्याचा बहुतेक व्यापाऱ्यांसाठीचा हा शेवटचा दिवस, आणि नेमके त्याच दुपारी कार्यालयातील संगणक एकमेकांना ओळखेनासे होतात. प्रिंटर गप्प, हिशेबाची फाइल उघडत नाही, इंटरनेट असून नसल्यासारखे. आठ-दहा संगणकांच्या व्यवसायाला स्वतंत्र तंत्रज्ञ परवडत नाही. ज्याने जाळे उभारले तो मोबाइल उचलत नाही. असे प्रसंग पुष्कळदा टाळता येतात, कारण बिघाडाची कारणे क्वचितच गूढ असतात.

सुरुवात तारेपासून करावी. इथरनेटची तांब्याची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरपेक्षा लांब असू नये. लहान कार्यालयात ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. खरी अडचण तारेच्या दर्जाची असते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण ती ठिसूळ असते आणि जोडणीपाशी लवकर तुटते. 'कॅट-६' प्रतीची शुद्ध तांब्याची तार घ्यावी. ती विजेच्या तारांना खेटून, एकाच पट्टीतून नेऊ नये. खुर्चीच्या चाकाखाली येणारी तार आणि छताच्या पोकळीतील उंदीर यांच्याकडेही लक्ष हवे. हे हास्यास्पद वाटेल, परंतु कुरतडलेली तार पूर्ण तुटत नाही, अधूनमधून चालते; आणि अधूनमधून चालणारी गोष्ट शोधून काढणे सर्वांत कठीण.

वीजपुरवठ्याबाबत एक चूक सार्वत्रिक आहे. संगणकांना यूपीएस असतो. राउटर, स्विच आणि फायबरची पेटी मात्र थेट भिंतीवरच्या सॉकेटला. वीज गेली की संगणक चालू राहतात आणि जाळे मात्र मरते. सामायिक हिशेबाची फाइल उघडी असताना असे झाले, तर ती बिघडण्याची शक्यता असते. या तिन्ही उपकरणांना अगदी थोडी वीज लागते, म्हणून एक छोटा यूपीएस त्यांच्यासाठी वेगळा ठेवावा. त्याची बॅटरी उकाड्यात लवकर निकामी होते. तीन महिन्यांतून एकदा मुख्य बटण बंद करून ती किती वेळ तग धरते ते पाहावे. वळवाच्या पावसाआधी अर्थिंगही तपासून घ्यावे.

आता पत्त्यांकडे वळू. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता असतो. हे पत्ते वाटण्याचे काम सामान्यतः राउटर करतो. एखाद्या सहकाऱ्याने सिग्नल कमी पडतो म्हणून घरचा जुना वाय-फाय राउटर आणून जोडला, तर पत्ते वाटणारे दोघे होतात. मग काही संगणक चालतात, काही चालत नाहीत, आणि उद्या वेगळेच बंद पडतात. अशा वेळी संगणकाचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर त्या यंत्राला पत्ता मिळालेलाच नाही. तार किंवा राउटर तपासावा. पत्ता आहे पण शेजारच्या संगणकाहून निराळ्या मालिकेतला आहे, तर दुसरा वाटप करणारा शोधावा. प्रिंटरला कायमचा पत्ता राउटरमध्येच राखून द्यावा, म्हणजे 'काल छापत होता, आज नाही' ही तक्रार बरीचशी संपते.

स्विचवरील सगळे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकू लागले आणि सारे ठप्प झाले, तर बहुधा कोणी एकाच तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचलेली असतात. संदेश त्या वर्तुळात फिरत राहतात. साध्या स्विचला हे रोखता येत नाही. तारा एकेक काढून पाहणे, हाच उपाय.

वाय-फायविषयी थोडक्यात: गजबजलेल्या व्यापारी संकुलात २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा, शक्य तेथे ५ गिगाहर्ट्झ वापरावे. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे द्यावे. इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या आणि दोन्ही एकाच खांबावरून आल्या, तर रस्ता खोदणारा दोन्ही एकदम तोडतो. दुसरी जोडणी मोबाइलची असलेली बरी.

सुरक्षेचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्याजोगा नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. असा संगणक कार्यालयात असेल तर तो बदलण्याचा खर्च पुढे ढकलू नये. २०१६ साली 'मिराई'ने तर कॅमेरे आणि राउटर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच यंत्रे ताब्यात घेतली होती. तेव्हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, असा जुना संकेत आहे. कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवरील प्रत विषाणू मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद करतो, म्हणून एक प्रत काढून ठेवलेलीच हवी. शिवाय दर महिन्याला एखादी फाइल त्या प्रतीतून खरोखर परत आणून पाहावी. वर्षभर घेतलेला बॅकअप रिकामा निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

शेवटी एक वही. कोणती तार कोणत्या टेबलाकडे जाते, राउटरचा पासवर्ड काय, इंटरनेट सेवेचा ग्राहक क्रमांक, उपकरणांच्या खरेदीच्या तारखा, हे सारे त्यात लिहून वही मालकाच्या कपाटात कुलपात ठेवावी. नवा तंत्रज्ञ आला की पहिल्या तासाचे पैसे बहुधा हेच शोधण्यात जातात.