वॉशिंग मशीनच्या पाठीमागचा पत्रा

घरातल्या वस्तूंचा इतिहास सांगणाऱ्या या मालिकेत आज वॉशिंग मशीन. एरवी आपण शोध कुणी लावला, तिथून सुरुवात करतो. आज मी उलट्या बाजूनं येणार आहे. मशीन बंद पडलं, तिथून.

आम्ही मूळचे सातारकडचे, पण तीन पिढ्या वडोदऱ्यात. 1992 साली आईनं भिशीच्या पैशांतून मशीन घेतलं. वरून कपडे टाकायचे, एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला पिळण्याचा. म्हणजे आपलं सेमी-ऑटोमॅटिक. त्याआधी धोपाटणं घेऊन न्हाणीघरात तिचा रोजचा दीड तास जायचा. धोपाटण्याला आमच्याकडे गुजरातीत ‘धोको’ म्हणतात. आईचा खांदा बघता तो शब्द मराठी अर्थानंही बरोबरच होता! मशीन आल्यावर त्या वेळात ती शिकवण्या घेऊ लागली. माझ्या कॉलेजची फी त्यातून गेली.

मागच्या दिवाळीआधी ते थांबलं. नुसतं गुणगुणायचं, फिरायचं नाही. मी म्हटलं, “आई, तीस वर्षं झाली. आता नवीन घेऊ.” ती म्हणाली, “अरे, डॉक्टरला न दाखवताच पोचवायला निघालास?”

झालं. मी प्लग काढला, पाणी सोडून दिलं आणि पाठीमागचा पत्रा उघडला. आत बघून चकितच झालो. एवढंच? एक मोटर धुण्यासाठी, एक पिळण्यासाठी. एक रबरी पट्टा, दोन कपॅसिटर, दोन टायमर आणि थोड्या तारा. पण यातल्या एकेका भागाला इतिहास आहे.

विजेवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रं अमेरिकेत 1908 च्या सुमारास बाजारात आली. शिकागोच्या हर्ली कंपनीचं ‘थॉर’ त्यातलं गाजलेलं नाव. 1922 साली मेटॅगनं टबाच्या तळातून कपडे ढवळणारं मशीन आणलं. ही अमेरिकन यंत्रं मोठी, मोठ्या घरांसाठीची. 1948 साली ब्रिटनमध्ये हूवर कंपनीनं छोटं मशीन काढलं. त्यात टबाच्या बाजूला एक फिरणारी चकती होती आणि कपडे पिळायला वर हातानं फिरवायचे रूळ. 1953 साली जपानच्या सान्यो कंपनीनं याच पद्धतीचं मशीन आणलं आणि ते जपानी घरांत झपाट्यानं पसरलं. 1950 च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांना घरातली ‘तीन रत्नं’ म्हणायला लागले होते. पुढे ती चकती टबाच्या तळाशी गेली आणि पिळण्याच्या रुळांऐवजी शेजारी दुसरा टब आला. आपलं दोन टबांचं मशीन याच घराण्यातलं.

भारतात हे मशीन मध्यमवर्गाच्या घरी आलं ते 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदीत. तेव्हाच्या औरंगाबादचं व्हिडिओकॉन, चेन्नईच्या टीव्हीएसनं अमेरिकेच्या व्हर्लपूलबरोबर पाँडिचेरीत काढलेला कारखाना, बीपीएल, ही सगळी त्या काळातली नावं. समोरून उघडणारी पूर्ण ऑटोमॅटिक मशीनंही तेव्हा आली. पण त्यांना नळाला सतत दाबानं पाणी लागतं, आणि आपल्या घरी पाणी यायचं सकाळी तासभर. दोन टबांचं मशीन बादलीनंही भरता येतं. पांढऱ्या कपड्यांचं साबणाचं पाणी रंगीत कपड्यांना चालतं, शेवटी त्याच पाण्यानं अंगण धुता येतं. वीज गेली तर गेली, आली की मशीन पुढे चालू. बादल्या भरायचं काम मात्र आईकडेच राहिलं, हेही विसरायला नको.

आता आमच्या बिघाडाकडे येऊ. गुणगुणतं पण फिरत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा कपॅसिटर गेला. या मोटरला नुसती वीज देऊन ती सुरू होत नाही, कोणत्या दिशेनं फिरायचं हे तिला कळावं लागतं. ते काम कपॅसिटर करतो. तो एका वाइंडिंगकडे जोडला की मोटर सुलट फिरते, दुसऱ्याकडे जोडला की उलट. नवा घेताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्ट कमी नकोत. आणखी एक, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. ती उतरवल्याशिवाय हात लावू नका. ते जमत नसेल तर जाणकाराला बोलवा.

कपॅसिटर बदलला, मोटर फिरली. मी खूश! आईनं चार साड्या टाकल्या आणि पंधरा मिनिटांनी त्यांचा एक जाडजूड दोरखंड बाहेर आला. त्यातली एक तिच्या लग्नातली. ती काही बोलली नाही, गाठ सोडवत बसली. ते न बोलणंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी मशीन न बघताच विचारलं, “थांबतं, आणि पुन्हा त्याच बाजूला फिरतं ना?” तसंच होत होतं. टायमरची एक तार मी नीट बसवलीच नव्हती. मग त्यांनी भंगारातला एक टायमर उघडून दाखवला. आत काय असावं? चावीचं घड्याळ! आपण बटण पिळतो तेव्हा स्प्रिंगला चावी बसते. स्प्रिंग सुटताना दातेरी चाकं फिरतात, पत्र्याच्या पट्ट्या एकदा इकडे, एकदा तिकडे टेकतात, आणि कपॅसिटर एका वाइंडिंगकडून दुसरीकडे जातो. म्हणून मशीन सुलट, थोडं थांबून उलट. आमच्या घरात ती कटकट आवाज करणारी वस्तू तीस वर्षं होती आणि ते घड्याळ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

काका म्हणाले, “हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. घड्याळ, शिलाई मशीन, पंखा दुरुस्त करणाऱ्याला यातलं नवं काहीच नव्हतं.” मला वाटतं, या मशीनचा खरा इतिहास या वाक्यात आहे. ते इतकी वर्षं टिकलं याचं श्रेय नुसत्या कारखान्याचं नाही. त्यातला प्रत्येक भाग गल्लीतल्या माणसाला आधीपासून ओळखीचा होता, म्हणून ते टिकलं. आजच्या पूर्ण ऑटोमॅटिक मशीनमध्ये त्या घड्याळाच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे. तो पाणी वाचवतो, वीज वाचवतो, कपडे जपतो, हे मान्य करायला हवं. पण तो गेला की अनेकदा अख्खा बदलावा लागतो, आणि काही वर्षांनी तो मिळेनासा झाला तर चांगली मोटर, चांगला टब, सगळं भंगारात.

सरकारच्या ई-कचऱ्याच्या नियमांत वॉशिंग मशीन पहिल्यापासून, म्हणजे 2011 पासून आहे. ‘राइट टु रिपेअर’चं पोर्टल आलं डिसेंबर 2022 मध्ये. म्हणजे वस्तू टाकायची कशी याचा विचार आधी झाला, दुरुस्तीचा नंतर.

आमच्या मशीनची तार नीट बसवली, पट्टा बदलला, तळाचा गंज घासून रंग दिला. पत्र्याची बॉडी असल्यानं अर्थिंग तपासून घेतलं. ते तुम्हीही घ्या. टब तडकला असता किंवा तळ कुजला असता, तर मीही हट्ट सोडला असता. लग्नाची साडी मात्र एका काठाला विरली ती विरलीच.

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला की बेंगळुरूला, नवीन मशीन घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? आणि जुनं असेल तर टाकण्याआधी एकदा पाठीमागचा पत्रा उघडून बघा. तारा काढण्याआधी फोटो मात्र काढा. मी काढला नव्हता.