ब्रिटनची कोविड चौकशी : समाजावरील आघातांची नोंद

कोविड-१९ महासाथीला ब्रिटनने कसे तोंड दिले आणि तिचे समाजावर कोणते परिणाम झाले, याचा शोध घेणारी सार्वजनिक चौकशी जून २०२२ मध्ये स्थापन झाली. २००५ च्या चौकशी कायद्यान्वये तिला साक्षीदारांना पाचारण करण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे अधिकार आहेत. अपील न्यायालयाच्या माजी न्यायाधीश बॅरोनेस हेदर हॅलेट या तिच्या अध्यक्ष आहेत.

चौकशीचा दहावा विभाग समाजावरील परिणामांविषयी आहे. शोकग्रस्त कुटुंबे, अत्यावश्यक सेवांतील कर्मचारी, बेघर, कैदी, कौटुंबिक हिंसाचाराचे बळी, तसेच अंत्यसंस्कार व प्रार्थनास्थळांवरील निर्बंध हे त्याचे विषय. ‘प्रत्येक कहाणी महत्त्वाची’ या उपक्रमातून ५० हजारांहून अधिक अनुभव संकलित झाले. त्यामुळे साक्षीला न बोलावलेल्या सामान्य नागरिकांचे म्हणणेही अभिलेखात आले.

सरकारने चुकीच्या महासाथीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, तयारी केली होती, असा निष्कर्ष जुलै २०२४ च्या पहिल्या अहवालात आहे. २३ मार्च २०२० ची टाळेबंदी आठवडाभर आधी लागू झाली असती, तर पहिल्या लाटेत इंग्लंडमधील सुमारे २३ हजार मृत्यू टळू शकले असते, असा अंदाज नोव्हेंबर २०२५ च्या अहवालाने नोंदवला.

या चौकशीला कोणाचेही दिवाणी वा फौजदारी दायित्व ठरवता येत नाही आणि शिफारशींची अंमलबजावणी सरकारच्याच हाती असते. लंडनमध्ये संसदेसमोर, थेम्सच्या पैलतीरावरील भिंतीवर मृतांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक लाल हृदये रंगवलेली आहेत. ती रंगवणाऱ्या आप्तांना शिक्षेचा निवाडा नव्हे, तर अधिकृत उत्तर देणे एवढेच या चौकशीच्या अधिकारात आहे.