अटीवर मिळणारी मदत : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

सामाजिक धोरणाच्या अभ्यासाकडे माणसे बहुधा एखाद्या प्रश्नावर चिडून येतात. माझी त्याला हरकत नाही. अमेरिकेत गेली तीसेक वर्षे असा एक चीड आणणारा प्रश्न गाजतो आहे: सरकारकडून रोख मदत घेणाऱ्या गरिबाने आधी अमली पदार्थांची चाचणी द्यावी का? या पुस्तकातले लेख त्याच प्रश्नाभोवती फिरतात. वरवर पाहता प्रश्न छोटा आहे. पण त्याचा पदर धरून आत शिरले की राज्यघटना, अर्थसंकल्प, रसायनशास्त्र आणि गरिबांविषयीचे जुने पूर्वग्रह असे सगळेच हाती लागते. नवख्या वाचकाला या क्षेत्रात आणायचे तर मी इथूनच आणतो.

चाचणीच्या बाजूचे म्हणणे आधी नीट ऐकून घ्या, कारण अभ्यासकांच्या लेखनात ते पुष्कळदा परस्पर निकालात काढलेले असते. १९८६ मध्ये रेगन यांनी केंद्र सरकारची कार्यालये अमली पदार्थमुक्त करण्याचा आदेश काढला. पुढे खासगी कंपन्यांतही नोकरीआधीची चाचणी रुळली. अमेरिकेत नोकरीला लागलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींनीही प्रयोगशाळेत जाऊन लघवीच्या नमुन्याची बाटली भरून दिलेली आहे. मग गोदामात राबणारा माणूस म्हणतो, 'मला कमवायला चाचणी द्यावी लागते, तर माझ्या करातून घेणाऱ्याला का नको?' या बोलण्यात नुसता आकस शोधू नये. त्यात समानतेची एक कल्पना आहे. ती अपुरी आहे असे माझे मत. पण ती खोटी नाही. लॉरेन्स मीड यांनी १९८६ मध्येच 'बियाँड एन्टायटलमेंट' या पुस्तकात तिला सैद्धांतिक रूप दिले. मदत घेणाऱ्याकडून कर्तव्यांची अपेक्षा ठेवणे हा त्याचा अपमान नाही, उलट त्याला बरोबरीचा नागरिक मानणे आहे, असे त्यांचे सांगणे. पटो न पटो, मीड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या चर्चेला कायद्याचा आधार मिळाला तो ऑगस्ट १९९६ मध्ये. क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने गरीब कुटुंबांचा रोख मदतीवरचा जुना हक्क संपवला आणि 'टॅनफ' नावाची योजना आणली. राज्यांना ठोक निधी मिळू लागला: वर्षाला सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर. महागाई वाढत गेली तरी ही रक्कम जवळपास तिथेच राहिली. त्याच कायद्यात, मदत घेणाऱ्यांची चाचणी घेण्याची मुभा राज्यांना देणारे एक लहानसे कलम होते. १९९९ मध्ये मिशिगनने ते पहिल्यांदा सरसकट वापरून पाहिले. जेमतेम पाच आठवड्यांत कोर्टाने थांबवले, तोवर २६८ जणांची चाचणी झाली होती. २१ जणांत अमली पदार्थांचे अंश सापडले आणि त्यातल्या १८ जणांत फक्त गांजाचे.

फ्लोरिडाकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे. गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या पुढाकाराने तिथे १ जुलै २०११ पासून प्रत्येक अर्जदाराला चाचणी सक्तीची झाली. खर्च अर्जदाराने आधी स्वतः करायचा, २५ ते ४५ डॉलर. चाचणीत काही निघाले नाही तर पैसे परत. आता हिशेब मांडा. दोन मुले असलेल्या एकट्या आईला फ्लोरिडात महिन्याला जास्तीत जास्त ३०३ डॉलर मिळत. हातात काही नाही म्हणून जी अर्ज करते आहे, तिने मदतीच्या दहाव्या भागाएवढी रक्कम आधी कुठून तरी उभी करायची. चाचणीत काही निघाले तर वर्षभर मदत बंद. व्यसनमुक्तीचे उपचार पुरे केले तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येई, पण उपचारांचा खर्च योजनेत नव्हता. मुलांचा वाटा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा, आणि त्या दुसऱ्यानेही चाचणी द्यायची. 'आम्ही हे मुलांसाठी करतो' असे सांगणाऱ्या कायद्याची ही रचना आहे. तिचा मजकूर ओळीने वाचला की हेतू आणि व्यवस्था यांतले अंतर कुणी समजावून सांगावे लागत नाही.

चार महिन्यांत ४,०४६ जणांची चाचणी झाली. १०८ जणांत अंश सापडले, म्हणजे सुमारे २.७ टक्के, त्यातही गांजाच जास्त. बाकीच्यांना परत केलेली रक्कम एक लाख अठरा हजार डॉलरच्या वर गेली. नौदलात नोकरी केलेला, विद्यापीठात शिकणारा आणि लहान मुलाला एकट्याने वाढवणारा एक बाप चाचणीला नकार देऊन कोर्टात गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायाधीश मेरी स्क्रिव्हन यांनी कायद्याला तात्पुरती मनाई केली आणि ३ डिसेंबर २०१४ रोजी अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

इथे अमेरिकी घटनेची, सरकारी झडतीवर मर्यादा घालणारी चौथी दुरुस्ती येते. लघवीची चाचणी ही कायद्याच्या लेखी झडती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच मान्य केले. ठोस संशयाशिवाय झडती घ्यायची तर सरकारने तशी खास गरज दाखवावी लागते. रेल्वे चालवणारे, बंदूक बाळगणारे सीमाशुल्क कर्मचारी यांच्या बाबतीत ती मान्य झाली. निवडणुकीच्या उमेदवारांची चाचणी घेऊ पाहणाऱ्या जॉर्जिया राज्याला मात्र १९९७ मध्ये नकार मिळाला. उमेदवाराची झडती नाही आणि मदत मागणाऱ्या आईची चालेल, हे कसे? फ्लोरिडाच्या न्यायाधीशांनी ते चालू दिले नाही. पण म्हणून विषय संपला असे समजू नका. १९७१ च्या वायमन विरुद्ध जेम्स खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते की मदत देणाऱ्या खात्याचा माणूस घरी पाहणीला येतो ती झडतीच नव्हे. दार उघडायचे नसेल तर मदत सोडावी. हा निकाल कुणी उलटवलेला नाही. त्याला २०१४ च्या निकालाशेजारी ठेवून वाचले की १९७१ चा निकाल किती जिवंत आहे ते कळते.

शिवाय राज्यांनी वाट बदलली. सरसकट चाचणी कोर्टात टिकत नाही म्हटल्यावर युटा, टेनेसी अशा राज्यांनी आधी प्रश्नावली ठेवली. उत्तरांवरून 'संशय' वाटला तरच चाचणी. कायद्याच्या दृष्टीने हे अधिक सुरक्षित आहे. माझ्या दृष्टीने अधिक चिंतेचे. बाटलीतला नमुना तरी प्रयोगशाळेत पुन्हा तपासता येतो, कागदावरचा संशय कुठे तपासायचा?

या क्षेत्राची खरी गोडी मला पद्धतीच्या एका प्रश्नात वाटते. फ्लोरिडात कितीतरी जणांनी अर्ज केला, पण चाचणी दिलीच नाही. समर्थक म्हणाले, हेच ते व्यसनी. कायद्याने त्यांना दूर ठेवले. विरोधक म्हणाले, त्यांच्याकडे चाळीस डॉलर नसतील, प्रयोगशाळा लांब असेल, किंवा माणसाला लाज वाटली असेल. न आलेल्या माणसाचा अर्थ कसा लावायचा? २.७ टक्क्यांचा आकडा उत्साहाने फेकणाऱ्या माझ्या बाजूच्या लोकांनाही हा प्रश्न चुकवता येणार नाही, कारण तो आकडा फक्त आलेल्यांचा आहे. न्यायालयाने बरोबर जागी बोट ठेवले: मदत मागणाऱ्यांत व्यसन अधिक असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी राज्याची, आणि राज्याकडे तो नव्हता. फ्लोरिडानेच या कायद्याच्या काही वर्षे आधी केलेल्या प्रायोगिक पाहणीत पाच टक्क्यांच्या आसपास लोक सापडले होते आणि संशोधकांनी योजना वाढवू नये असेच सुचवले होते. तो अहवाल बासनात राहिला.

रसायनशास्त्राबद्दल थोडक्यात. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडे राहतात, कोकेनचे दोन-तीन दिवस, दारू साधारण दिवसभरात निघून जाते. म्हणजे चाचणी सर्वांत सहज पकडते ती त्यातल्या सौम्य पदार्थाला. अफूवर्गाच्या चाचणीची केंद्रीय मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २,००० नॅनोग्रामवर नेली गेली. त्याचे एक कारण खसखस. दिवाळीत अनारसे खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि प्रश्न गरिबांनाच का? २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या खासदार ग्वेन मूर यांनी विधेयक आणले की दीड लाख डॉलरपेक्षा जास्त करवजावट मागणाऱ्यानेही आधी चाचणी द्यावी. ते मंजूर झाले नाही, होणारही नव्हते. पण करसवलत हीसुद्धा सरकारी मदतच, हे त्यांनी एका फटक्यात दाखवून दिले.

पुढे वाचायचे तर मीडच्या विरुद्ध टोकाला पिव्हन आणि क्लॉवर्ड यांचे 'रेग्युलेटिंग द पुअर' ठेवा. गरीब स्त्रियांवरच्या सरकारी पाळतीसाठी जॉन गिलियम यांचे 'ओव्हरसियर्स ऑफ द पुअर' घ्या. मदत घेणाऱ्या बायका त्या पाळतीबद्दल स्वतः काय म्हणतात ते त्यात आहे, म्हणून मला ते या यादीत सर्वांत जवळचे.

महाराष्ट्रातल्या वाचकाकडे या क्षेत्राला देण्याजोगे काहीतरी आहे. आपल्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला एकच मुख्य अट घातली: अंगमेहनतीचे काम करण्याची तयारी. त्याच्या चारित्र्याची चौकशी नाही. हीदेखील अटच आहे, पण वेगळ्या जातीची, आणि फ्लोरिडाच्या अटीशी ती नीट ताडून पाहणारा लेख या संग्रहात नाही. तो तुमच्यापैकी कुणी लिहावा आणि माझ्याशी मतभेद असतील तर ते त्यात स्पष्ट मांडावेत.