न्यूयॉर्क ॲव्हेन्यूचे रात्रजीवन

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचे विहारनगर आहे. तेथील न्यूयॉर्क ॲव्हेन्यू या रस्त्यावर १९६० नंतरच्या दोन दशकांत समलिंगी लोकांची मद्यगृहे व निवासगृहे होती. उन्हाळ्यात तो रस्ता रात्रभर जागा असे. ही मंडळी तेथे सुखाने नांदत होती असे मात्र नव्हे. समलिंगींना जमू दिले, एवढ्यावरून याच गावच्या ‘व्हॅल्स बार’वर राज्याच्या मद्यखात्याने कारवाई केली. ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. सभ्यपणे वागणाऱ्या समलिंगींना मद्यगृहात मज्जाव करता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९६७ साली दिला. आम्हांस हा विजय थोर वाटतो. पण मद्यखात्याला जे साधले नाही, ते जमिनीच्या भावाने साधले. १९७६ साली मतदारांनी जुगारगृहांना कौल दिला, १९७८ च्या मे महिन्यात पहिले जुगारगृह उघडले, आणि आसपासच्या जागांना सोन्याचे मोल आले. मालकांनी घरे विकली, कित्येक पाडली गेली. त्यातच एड्सची साथ आली.

पुढे अनेक समलिंगी लोकांनी किनाऱ्यावरच उत्तरेला असलेले ॲस्बरी पार्क जवळ केले. १९७० च्या दंगलीनंतर ते गाव ओस पडले होते, म्हणून घरे स्वस्त होती. ती त्यांनीच डागडुजी करून राहती केली. २००४ साली त्या नगराने एका समलिंगी जोडप्याला विवाहाचा परवानाही दिला. आता तेथीलही घरांचे भाव चढले आहेत.