बाहुली कुणाच्या हातात?

4 मार्च 1937. लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात ऑस्कर पारितोषिकांचा नववा समारंभ भरला होता. संगीताचे पारितोषिक वॉर्नर ब्रदर्सच्या ‘अँथनी ॲडव्हर्स’ या चित्रपटाला जाहीर झाले. या चित्रपटाचे पार्श्वसंगीत एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड यांचे होते. कोर्नगोल्ड हे काही नवखे नाव नव्हते. कोवळ्या वयातच व्हिएन्नाने त्यांना डोक्यावर घेतले होते आणि तेविसाव्या वर्षी त्यांचा ऑपेरा हँबर्ग आणि कोलोन या दोन शहरांत एकाच रात्री रंगमंचावर आला होता. मात्र त्या रात्रीची बाहुली त्यांची नव्हती. ती वॉर्नरच्या संगीत विभागाचे प्रमुख लिओ फोर्बस्टीन यांची ठरली.

यात कुणी लबाडी केली नव्हती. नियमच तसा होता. ऑस्कर पारितोषिके 1929 मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यांत संगीताला जागाच नव्हती. बोलपट रुळल्यावर, 1934 च्या चित्रपटांसाठी संगीताचे दोन विभाग उघडले: एक गाण्याचा, दुसरा पार्श्वसंगीताचा. गाण्याची बाहुली गाणे रचणाऱ्यांना मिळे. पार्श्वसंगीताचे पारितोषिक मात्र स्टुडिओच्या संगीत विभागाचे यश मानले जाई आणि ते विभागप्रमुखाच्या नावे नोंदले जाई. पहिल्याच वर्षी ‘वन नाइट ऑफ लव्ह’ विजयी ठरला. नोंदीत व्हिक्टर शेर्टझिंगर आणि गस कान यांची नावे आहेत, पण बाहुली कोलंबियाच्या संगीत विभागाचे प्रमुख लुई सिल्व्हर्स यांची. दुसऱ्या वर्षी ‘द इन्फॉर्मर’चे मॅक्स स्टायनर यांना ती मिळाली, कारण संगीतकार तेच आणि आरकेओ स्टुडिओचे विभागप्रमुखही तेच. तिसऱ्या वर्षी कोर्नगोल्ड रिकाम्या हाताने राहिले.

चौथ्या वर्षी या पद्धतीने टोक गाठले. 1937 चा विजेता होता युनिव्हर्सलचा ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’. बेकार झालेल्या वादकांना एक मुलगी लिओपोल्ड स्टोकोव्स्की या नामवंत वाद्यवृंद-संचालकापर्यंत नेऊन पोचवते, अशी त्याची कथा. स्टोकोव्स्की स्वतः पडद्यावर आहेत आणि चित्रपटभर चायकोव्स्की, लिस्ट, मोझार्ट अशा दिवंगत रचनाकारांचे संगीत वाजत राहते. पारितोषिक विभागप्रमुख चार्ल्स प्रेव्हिन यांच्या नावे गेले. संगीतकार म्हणून नोंदीत कुणाचेच नाव नाही! विभागाला पारितोषिक द्यायचे ठरवले, की संगीतकारावाचूनही संगीताचे पारितोषिक देता येते, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

पुढच्या वर्षी नियम बदलला. ‘मूळ संगीतरचना’ आणि ‘संगीतयोजना’ असे दोन विभाग झाले आणि बाहुली प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या नावे देण्याचे ठरले. पहिल्या विभागात विजयी झाले ते ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’चे संगीतकार कोर्नगोल्ड. हे काम करण्यासाठी ते 1938 च्या सुरुवातीला व्हिएन्नाहून हॉलिवूडला आले होते. ते तिथे असतानाच मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. कोर्नगोल्ड ज्यू होते. व्हिएन्नातले त्यांचे घर जप्त झाले. त्या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असे ते पुढे सांगत. ज्या कामामुळे माणूस वाचला, त्याच कामावर पहिल्यांदा त्याचे नावही लागले. पारितोषिकांच्या इतिहासात इतका जुळून आलेला न्याय फार वेळा दिसत नाही.

‘हे संगीत कुणाचे?’ या प्रश्नाचे एक उत्तर अशा रीतीने 1938 मध्ये मिळाले: ज्याने रचले त्याचे. पण स्टुडिओतले काम पाहिले तर हे उत्तर दिसते तितके सोपे नाही. संगीतकार पुष्कळदा पियानोपुरता आराखडा लिही. तो साठ-सत्तर वाद्यांना वाटून द्यायचा, कुठे बासरी आणि कुठे पितळी वाद्ये हे ठरवायचे, हे काम वाद्यवृंद-संयोजक करी. नकलनवीस त्यावरून प्रत्येक वादकाची वेगळी पाने उतरवून काढत. कोर्नगोल्ड आणि स्टायनर या दोघांसाठीही वर्षानुवर्षे हे संयोजन करणारे एक गृहस्थ होते, ह्यूगो फ्रीडहोफर. इतरांच्या कामावर हात फिरवणाऱ्या या माणसाला ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ हा 1946 चा चित्रपट स्वतंत्रपणे मिळाला आणि त्याबद्दल ऑस्करही मिळाले. त्यांच्यासारखे इतर कितीतरी जण मात्र नोंदीत आलेच नाहीत.

दुसरा प्रश्न ‘मूळ’ या शब्दात दडलेला होता. तो उघडा पडायला 1973 साल उजाडावे लागले. ‘द गॉडफादर’च्या संगीतासाठी इटालियन संगीतकार नीनो रोता यांचे नामांकन जाहीर झाले होते. मग लक्षात आले, की चित्रपटातली सर्वांच्या ओठांवर असलेली प्रेमधून रोता यांनी ‘फोर्तुनेल्ला’ या 1958 च्या इटालियन विनोदी चित्रपटात आधीच वापरली होती. तिथे ती जलद आणि खेळकर होती, इथे संथ आणि उदास. चाल तीच. अकादमीने संगीत शाखेचे मत पुन्हा घेतले. रोता यांचे नामांकन गेले आणि त्या जागी ‘स्लूथ’चे जॉन ॲडिसन आले. रोता यांनी कुणाची चोरी केली नव्हती. आपल्याच जुन्या पेटाऱ्यातली चीज त्यांनी काढली होती. पण ‘याच चित्रपटासाठी रचलेले’ ही अट त्यांच्या आड आली.

आता त्या वर्षी जिंकले कोण ते पाहावे. ‘लाइमलाइट’! चार्ली चॅप्लिन यांचा हा चित्रपट 1952 चा. त्याच्या प्रदर्शनासाठी चॅप्लिन सप्टेंबर 1952 मध्ये बोटीने लंडनला निघाले आणि ते वाटेत असतानाच अमेरिकन सरकारने त्यांचा परत येण्याचा परवाना रद्द केला. साम्यवादाच्या भीतीचा तो काळ होता. चित्रपटावर बहिष्कार पडला आणि लॉस एंजेलिसमध्ये तो त्या वेळी लागलाच नाही. ऑस्करच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे चित्रपट त्या शहरात प्रदर्शित झाल्याशिवाय स्पर्धेत येत नसे. तो तिथे लागला 1972 मध्ये. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे संगीत कागदोपत्री ‘नवे’ ठरले. त्यातली मुख्य धून गाण्याच्या रूपाने पन्नासच्या दशकातच जगभर पोचली होती. एका जुन्या धुनेमुळे रोता बाद झाले आणि जिच्या साऱ्याच धुना जुन्या त्या चित्रकृतीला बाहुली मिळाली. दोन्ही निर्णय नियमाला धरूनच होते.

‘लाइमलाइट’च्या बाहुलीवर तीन नावे आहेत: चॅप्लिन, रेमंड रॅश आणि लॅरी रसेल. चॅप्लिन यांना स्वरलिपी लिहिता येत नसे. ते चाल गुणगुणत, वाजवून दाखवत, हवा तो परिणाम मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा बदलायला लावत, आणि जवळ बसलेला जाणकार ते कागदावर उतरवी. ‘मॉडर्न टाइम्स’च्या वेळी हे काम तरुण डेव्हिड रॅक्सिन यांनी केले होते. ‘लाइमलाइट’च्या तीन नावांपैकी रॅश आणि रसेल हे दोघे पारितोषिक जाहीर होण्यापूर्वीच वारले होते. त्यावर कडी म्हणजे, 2008 मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने दावा केला, की हा रसेल नव्हेच. खरे काम रसेल गार्सिया या दुसऱ्याच संगीतकाराचे होते आणि नावाच्या साधर्म्याने घोटाळा झाला. हा दावा खरा असो वा नसो, असा संशय घ्यायला जागा उरते हेच पुरेसे बोलके आहे. स्वरलेखकाच्या नावाची नोंद ठेवण्याची निकड कुणाला वाटली नव्हती.

रोता यांना न्याय मिळाला तो दोन वर्षांनी. 1975 मध्ये ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाच्या संगीतासाठी त्यांना आणि कार्माइन कोपोला यांना ऑस्कर मिळाले. या दुसऱ्या भागात पहिल्या भागातल्या धुनाही पुन्हा येतात. त्याला या खेपेस कुणाची हरकत नव्हती.

त्यानंतर अकादमीने हा प्रश्न टक्क्यांनी सोडवू पाहिला. 2020 मध्ये नियम आला, की चित्रपटातले किमान 60 टक्के संगीत मूळ हवे. मालिकेतला पुढचा चित्रपट असेल तर 80 टक्के नवे हवे. लगेच पुढच्या वर्षी 60 वरून मर्यादा 35 टक्क्यांवर आणली गेली. त्याआधी 2016 मध्ये ‘अरायव्हल’चे संगीतकार योहान योहान्सन बाद झाले होते, कारण चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी माक्स रिश्टर यांची आधीची रचना वाजते आणि तिचा ठसा मतदारांच्या मनावर राहील, असे अकादमीला वाटले. उलट त्याच वर्षी फेब्रुवारीत 87 वर्षांच्या एन्यो मोरिकोने यांना ‘द हेटफुल एट’साठी ऑस्कर मिळाले होते. त्या चित्रपटात, ‘द थिंग’ या 1982 च्या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेले पण तिथे न वापरलेले काही संगीतही आहे. मोरिकोने यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाद्यवृंद-संयोजन हे रचनेचेच अंग आहे, ते दुसऱ्यावर सोपवायचे नसते, असे मानून ते स्वतःचे संयोजन स्वतःच करत. बाहुलीवर एकच नाव असावे, असा हक्क ज्यांना निर्विवाद सांगता आला असता अशा थोड्यांपैकी ते एक. ती त्यांना साठच्या दशकातल्या कीर्तीनंतर अर्ध्या शतकाने मिळाली. मधे 2007 मध्ये एक मानद ऑस्कर देऊन अकादमीने आपली चुटपुट कमी करून घेतली होती.

भारतीय संगीतकारांच्या वाट्याला आलेले आंतरराष्ट्रीय सन्मानही याच दोन प्रश्नांच्या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. 1957 च्या बर्लिन महोत्सवात तपन सिन्हा यांच्या ‘काबुलीवाला’च्या संगीताबद्दल रविशंकर यांचा परीक्षक मंडळाच्या खास पारितोषिकाने गौरव झाला. 1983 मध्ये ‘गांधी’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले ते जॉर्ज फेंटन यांच्याबरोबर, म्हणजे इथे दोन परंपरा आणि दोन नावे एकाच ओळीत आली. 2009 मध्ये ए. आर. रहमान यांना एकाच रात्री पार्श्वसंगीत आणि गाणे अशा दोन्ही विभागांत बाहुल्या मिळाल्या. गाण्याच्या बाहुलीत गुलजार वाटेकरी होते. 2023 मध्ये एम. एम. कीरावाणी आणि चंद्रबोस यांना मिळालेली बाहुली गाण्याची. आपल्याकडे चित्रपटसंगीत म्हणजे गाणे, हा समज जुना आहे. पार्श्वसंगीताचा विचार आपण उशिरा करू लागलो आणि ते प्रत्यक्ष कागदावर उतरवणाऱ्यांचा तर अजूनही पुरता केलेला नाही.

‘मूळ’ या शब्दाची गंमत आपल्या ‘संत तुकाराम’नेही दाखवली आहे. प्रभातच्या या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. संगीत केशवराव भोळे यांचे. त्यात शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग आहे. तो इतका साधला, की भल्याभल्यांना तो तुकोबांचाच वाटला. रोता यांची नवी वाटलेली धून जुनी निघाली. आठवले यांची रचना जुनी वाटली, पण निघाली नवी. हा अभंग गाथेत सापडत नाही म्हणून लोक चकित झाले, यापेक्षा मोठे पारितोषिक आठवले यांना कुठली अकादमी देणार होती? पण त्या दिलखुलास दादेतून त्यांचे नाव मात्र गळून पडले होते, हेही खरेच.

आणि फ्रीडहोफर यांचे भाऊबंद? ते मुंबईत होते. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. संगीतकार चाल गाऊन दाखवी. तिला व्हायोलिनचा ताफा, प्रतिसूर, मधले तुकडे देऊन पानांवर उतरवण्याचे काम अरेंजर करी. शंकर-जयकिशन यांच्या भरगच्च वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1954 मध्ये फिल्मफेअरची पारितोषिके सुरू झाली तेव्हा संगीतकाराला जागा होती. नौशाद पहिले मानकरी ठरले. अरेंजरसाठी जागा नव्हती.

गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोचले ते 1977 मध्ये, ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. प्यारेलाल यांनी गुरूला केलेला तो नमस्कार होता. पडद्यावर मात्र ते एका गमतीदार पात्राचे नाव होते, आणि या नावाचा माणूस खरोखर आहे, त्याने आपल्या आवडत्या कितीतरी गाण्यांत व्हायोलिने पेरली आहेत, हे हसणाऱ्या प्रेक्षकांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. 2012 मध्ये ते गोव्यात वारले.

ऑस्करच्या नोंदी निदान शोधता येतात. चुकीचे नाव लागले असेल तर तसा दावाही करता येतो. आपल्याकडे तेवढाही आधार नाही. कागदाचा पुरावा आहे तो नोटेशनच्या पानांत: पेन्सिलने खुणा केलेल्या, कोपरे दुमडलेल्या, कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेल्या. गिरगावात, वांद्र्याला, साष्टीच्या एखाद्या घरात अशी पाने निघाली, तर रद्दीत घालण्यापूर्वी त्यांच्या खालच्या कोपऱ्यात पाहावे. लिहिणाऱ्याने पुष्कळदा तिथे आपली सही केलेली असते.