गाडी ‘टोटल लॉस’ कधी धरतात? सगळा हिशोब पॉलिसीवरच्या आयडीव्हीचा

अपघातात चेपलेली गाडी पुन्हा उभी राहील की नाही, हे मेकॅनिक सांगतो. पण तिच्या दुरुस्तीला पैसे द्यायचे की ती मोडीत धरायची, हे विमा कंपनी एका आकड्यावरून ठरवते. तो आकडा म्हणजे आयडीव्ही, पॉलिसी काढताना धरलेली गाडीची किंमत. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च, पॉलिसीच्या अटी धरून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातलं काहीच लागू नाही, स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. खेड्यात अशाच पॉलिसी जास्त दिसतात.

आयडीव्ही काढताना त्या मॉडेलच्या कंपनी किमतीतून घसारा वजा होतो. रजिस्ट्रेशन आणि विम्याचा खर्च त्यात धरत नाहीत. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी आपसात ठरवतात. गडबड होते ती इथेच. हप्ता पाचशे-हजाराने कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली आणला जातो. मग गाडी टोटल लॉसमध्ये लवकर जाते आणि पैसेही कमी मिळतात.

समजा, ८ लाखांची गाडी साडेतीन वर्षांची आहे. आयडीव्ही ४ लाख ८० हजार, त्याचे ७५ टक्के ३ लाख ६० हजार. सर्व्हेअरने खर्च ३ लाख ९० हजार धरला, तर टोटल लॉस. अशा वेळी आयडीव्हीतून पुन्हा घसारा कापत नाहीत. सक्तीची वजावट तेवढी जाते, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १००० रुपये. सांगाडा मालकाने ठेवला तर भंगाराची किंमतही वजा होते. ती १ लाख २० हजार धरली, तर हातात ३ लाख ५९ हजार. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं भागतं, उरलं तर मालकाला. भंगाराचा भाव कोणी, किती दिला, हे लेखी मागावं.

सांगाडा भंगारवाल्याला देऊन आरसी तशीच नावावर ठेवणं फार धोक्याचं. तीच गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली आणि कुणाला उडवलं, तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते.

पुराच्या पाण्याचं वेगळं आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली, की इंजिनाचा खर्च कंपनी मालकाच्या माथी मारते. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. गाडी टोचन करूनच हलवावी, आधी फोटो काढावेत.

हिशोब पटला नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. विमा नियामकाचा तक्रार क्रमांक १५५२५५.